आयनांबर एकट्या सूर्याचे नाही

वातावरणातील गुरुत्व तरंग म्हणजे स्थिर हवेचे हेलकावे. ढगाने किंवा डोंगराने हवेचा एखादा भाग वर ढकलला की तो प्रसरण पावतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड व जड होतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. ओघात तो मूळ पातळीच्याही खाली उतरतो, तिथे भोवतालापेक्षा उबदार व हलका ठरतो आणि पुन्हा वर उचलला जातो. हा हेलकावा जागच्या जागी राहत नाही, शेजारच्या हवेला हलवत तिरप्या वाटेने वर चढत जातो. एका हेलकाव्याला तपांबरात किमान दहाएक मिनिटे लागतात, स्थितांबरात आणि मध्यांबरात पाचच्या आसपास. कालावधीची वरची मर्यादा पृथ्वीच्या परिवलनाने ठरते, म्हणून ती अक्षांशागणिक बदलते. यवतमाळ शहर 20.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथे ही मर्यादा सुमारे 34 तासांची येते. पाच मिनिटांपासून 34 तासांपर्यंतचे हेलकावे या जिल्ह्याच्या आकाशात एकाच वेळी चालू असतात.

यवतमाळच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. नावाच्या साधर्म्याने गोंधळ नको: तिथे ज्या गुरुत्वीय लहरींचा शोध घ्यायचा आहे त्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघतात आणि त्यांत खुद्द अवकाश ताणले जाते. येथे ज्यांचा विचार आहे त्या लहरी निव्वळ हवेच्या आहेत. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

या हवेच्या लहरींबद्दलचा जो समज खोडून काढायला हवा, तो असा: हवामान तपस्तब्धीपाशी, म्हणजे जमिनीपासून 16-17 किलोमीटरवर संपते, त्यावर जे घडते ते सूर्य घडवतो, आणि विदर्भातल्या एखाद्या अवकाळी पावसाचा 90 किंवा 250 किलोमीटरवरच्या विरळ हवेशी संबंध जोडणे म्हणजे ओढूनताणून केलेली जुळवाजुळव. पाठ्यपुस्तकांतल्या रंगीत पट्ट्यांच्या आकृत्यांनी हा समज घट्ट केला. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर अशी नावे पाठ होतात, त्यांच्यामधल्या रेषा ठळक काढलेल्या असतात आणि त्या रेषा ओलांडून काही जात असेल अशी शंकाही विद्यार्थ्याच्या मनात येत नाही. अवकाश-हवामान या विषयावरचे लोकप्रिय लेखनही बहुतेक वेळा सौरज्वाळेपासून सुरू होते आणि चुंबकीय वादळापाशी थांबते.

या समजात तथ्य नाही असे नाही. आयनांबर मुळात तयार होते ते सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे. 11 वर्षांच्या सौरचक्रात उष्मांबराचे, म्हणजे मध्यांबराच्या वरच्या हवेचे, तापमान साधारण 700 केल्विनपासून 1200 केल्विनच्याही पुढे चढते. मे 2024 मधल्या प्रचंड चुंबकीय वादळात लडाखच्या हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. फेब्रुवारी 2022 मध्ये तुलनेने सौम्य वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले 38 स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले. हे सारे सूर्याचेच काम, त्यावर वाद नाही. वाद पुढच्या उडीवर आहे. वरच्या हवेला ऊर्जा कोठून मिळते हा एक प्रश्न. ती हवा कोणत्या दिशेने वाहते, केव्हा वळते, आज एक आणि उद्या भलतेच का वागते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की चूक सुरू होते, आणि ही चूक साधी नाही, कारण मोजमापे तिच्या सरळ विरोधात आहेत.

पहिला आक्षेप दुबळेपणाचा असतो. ढगाने उठवलेला हेलकावा सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर वेगाचा. तो 70 किलोमीटर वर जाऊन काय करणार? या आक्षेपात हवेची घनता हिशेबातून गळालेली आहे. 16 किलोमीटर उंचीवर एका घनमीटर हवेचे वजन सुमारे 166 ग्रॅम असते. 87 किलोमीटरवर ते एका ग्रॅमच्या शतांशाहूनही कमी होते. तरंग आपली ऊर्जा सोबत घेऊन वर चढतो. वाटेत ती खर्च झाली नाही, तर हलवायची हवा जितकी कमी तितका हेलकाव्याचा वेग वाढायलाच हवा. आसुडाची मूठ हातभर हलते आणि निमुळते टोक कडाडते, त्यामागे हेच कारण आहे. घनतेच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढले तर 16 ते 87 किलोमीटर या चढणीत वेग सुमारे 170 पट होतो. तपस्तब्धीजवळ सेकंदाला 20 सेंटिमीटर असलेला हेलकावा मध्यांबराच्या माथ्यावर सेकंदाला 34 मीटर, म्हणजे ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्याएवढा होतो. प्रत्यक्षात सगळेच तरंग एवढे वाढत नाहीत. बरेचसे वाटेत शोषले जातात, काही आधीच फुटतात. पण ते दुबळे असतात म्हणून निष्प्रभ राहतात हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

दुसरा आक्षेप झाकणाचा. तपस्तब्धीवर हवा स्थिर होते, ढग तिथे आडवे पसरतात, म्हणून खालची उलथापालथ तिथेच कोंडली जाते, असे सांगितले जाते. ढगांपुरते ते बरोबर आहे. तरंगांपुरते ते अगदी उलट आहे. गुरुत्व तरंगांना स्थिर हवाच लागते. अस्थिर हवेत उचललेला भाग परत फिरतच नाही, मग हेलकावा कोठून येणार? स्थितांबराची जी स्थिरता ढगाला अडवते, तीच तरंगाला वाट करून देते.

ही वाट कशी असते ते यवतमाळवरच पाहता येते. मार्च ते मे या काळात दुपारी जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट वारा आणि वायव्येकडचा कोरडा वारा विदर्भावर भेटतात आणि तीन-चार वाजल्यानंतर दारव्हा, आर्णी, घाटंजी या भागांवर गडगडाटी ढग उभे राहू लागतात. गारपीट करणाऱ्या ढगात हवा सेकंदाला 20 मीटरहून अधिक वेगाने वर चढते. तपस्तब्धीपाशी तिची उत्प्लावकता संपते, पण वेग संपत नाही. ढगाचा माथा ऐरणीसारख्या आडव्या पसरलेल्या भागाच्याही वर किलोमीटरभर घुसतो, जड होऊन खाली बसतो, पुन्हा नवा लोट वर येतो. काही मिनिटांच्या अंतराने स्थितांबराच्या तळाला असे धक्के बसत राहतात. खाली शेतात माणसे दामिनी अ‍ॅपवर विजेचा इशारा पाहून आडोसा शोधत असतात, तेव्हा वर या धक्क्यांचे तरंग चारी बाजूंनी सुटलेले असतात.

ते सरळ वर जात नाहीत. तरंगाचा चढ त्याच्या कालावधीवर ठरतो. स्थितांबराचा स्वाभाविक कालावधी पाच मिनिटे धरला आणि वारा शून्य मानला, तर दहा मिनिटांचा तरंग क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून चढतो आणि पंधरा मिनिटांचा सुमारे साडेएकोणीस अंशांचा. म्हणजे ढगाच्या माथ्यापासून 69 किलोमीटर उंची गाठेपर्यंत पहिला तरंग आडवा 120 किलोमीटर गेलेला असतो, दुसरा 195 किलोमीटर. यवतमाळ केंद्र धरून 120 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर ते अकोल्याजवळून आणि हिंगोलीच्या थोडे अलीकडून जाते, नागपूर व चंद्रपूर त्याच्या जरा बाहेर राहतात. 195 किलोमीटरचे वर्तुळ पूर्वेला गडचिरोलीला टेकते आणि पश्चिमेला बुलढाण्याच्या अलीकडे येते. एका जिल्ह्यातल्या ढगाचा ठसा वर जवळजवळ साऱ्या विदर्भावर आणि मराठवाड्याच्या पूर्व भागावर उमटतो. प्रत्यक्षात वारे ही वर्तुळे ओढून वाकडी करतात, पण आकार तोच राहतो.

ही केवळ कागदावरची भूमिती नाही. 87 किलोमीटरच्या आसपास हायड्रॉक्सिल रेणूंचा एक मंद प्रकाश देणारा थर रात्रभर तेवत असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, संवेदनशील कॅमेऱ्यांना दिसतो. तरंगाने हवा दाबली की तो उजळतो, विरळ केली की फिका पडतो. 2011 मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या रात्रीच्या छायाचित्रांत गडगडाटी ढगांच्या समूहाभोवती या प्रकाशाची समकेंद्री वर्तुळे स्पष्ट उमटलेली आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले ॲवे हे उपकरण याच थरातले तरंग मोजण्यासाठी बांधले आहे. वर्तुळाच्या मध्याशी ढग असेल, तर वर्तुळ कोणी काढले हा प्रश्न उरत नाही.

तरीही हे सगळे केवळ थरथर म्हणून सोडून देता आले असते. ते तसे सोडता येत नाही, कारण तरंग फुटतात. हेलकावा एवढा वाढतो की जड हवा हलक्या हवेच्या वर जाते, थर उलटतो, खळबळ माजते आणि तरंगाने खालून आणलेला संवेग तिथल्या वाऱ्याला मिळतो. एखाद्या दिशेने जाणारे तरंग सतत फुटत राहिले तर त्या दिशेने वाऱ्याला सतत रेटा बसतो. मध्यांबराच्या माथ्यावर हा रेटा एवढा असतो की तो वाऱ्याचा वेग दिवसाला सेकंदी 100 मीटरच्या घरात बदलू शकतो.

सूर्यवादाला सर्वांत जड जाणारा पुरावा इथेच आहे. पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत थंड जागा उन्हाळ्यातल्या ध्रुवावर, साधारण 88 किलोमीटर उंचीवर आहे. तिथे त्या दिवसांत सूर्य मावळत नाही. चोवीस तास ऊन आणि तापमान उणे 140 अंश सेल्सिअसच्या आसपास. हिवाळ्यातल्या ध्रुवावर महिनोन्‌महिने अंधार असतो, तरी तिथे तेवढ्याच उंचीवरची हवा कित्येक अंशांनी उबदार असते. सूर्य हाच एकमेव कर्ता असता तर हे चित्र नेमके उलटे दिसायला हवे होते.

उत्तर तरंगांच्या गाळणीत आहे. उन्हाळ्यात स्थितांबरात पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. पश्चिमेकडे जाणारा तरंग वाऱ्याच्या बरोबरीचा वेग जिथे गाठतो तिथे तो शोषला जातो, पुढे जात नाही. पूर्वेकडे जाणारे तरंग मात्र वर निसटतात आणि 80 ते 100 किलोमीटरच्या पट्ट्यात फुटून हवेला पूर्वेकडे रेटतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात हा रेटा हवेला उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळवतो. उन्हाळी ध्रुवावरची हवा अशी निघून गेली की तिची जागा घ्यायला खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि थंड होते. हिवाळी ध्रुवावर हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. जून-जुलैत यवतमाळच्या माथ्यावर 85 किलोमीटर उंचीवरचा वारा सरासरीने दक्षिणेकडे वाहतो, तो याच प्रवाहाचा भाग आहे. 1960 च्या दशकात हा थंड थर समजावून घेण्यासाठी शास्त्रज्ञांना वाऱ्याला लागणारा एक अज्ञात अवरोध गृहीत धरावा लागला. 1981 मध्ये रिचर्ड लिंडझेन यांनी फुटणाऱ्या तरंगांचे गणित मांडले आणि पुढच्याच वर्षी जेम्स होल्टन आणि तारो मात्सुनो यांनी त्या गणिताने मध्यांबरातले वारे उभे करून दाखवले. अज्ञात अवरोधाला कारण मिळाले, आणि ते कारण जमिनीकडून आले होते.

या गाळणीचा भारतीय भाग विशेष आहे. पावसाळ्यात द्वीपकल्पावर साधारण 14 ते 16 किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा उष्णकटिबंधीय झोतवारा वाहतो. भारतीय हवामान विभागातले पी. कोटेश्वरम यांनी त्याचे 1958 मध्ये वर्णन केले. मॉन्सूनच्या ढगांतून निघणाऱ्या पश्चिमगामी तरंगांपैकी मंद तरंग या झोतातच अडकतात. म्हणजे जुलैत यवतमाळवर महिनाभर पाऊस पडला तरी वर पोचणारा संवेग कोणत्या दिशेचा असेल हे त्या झोताने आधीच ठरवून टाकलेले असते. खालचे हवामान वरच्या हवेला नुसता धक्का देत नाही, कोणता धक्का पुढे जाऊ द्यायचा हेही तेच ठरवते. सह्याद्रीवरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे निर्माण होणाऱ्या पर्वतीय तरंगांवर आर. पी. सरकार यांनी 1960 च्या दशकात काम केले. पुसद-उमरखेडकडच्या टेकड्या बुटक्या आहेत, त्यामुळे यवतमाळच्या हिशेबात डोंगरापेक्षा ढगाचा वाटा मोठा.

स्थितांबरातली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. विषुववृत्तावर 16 ते 50 किलोमीटरच्या पट्ट्यातले वारे साधारण 28 महिन्यांत एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे असे फेर धरतात. 1960 च्या सुमारास हे लक्षात आले तेव्हा कोणालाच त्याचा अर्थ लागेना, कारण हा काळ ऋतूंच्या वर्षातही बसत नाही आणि 11 वर्षांच्या सौरचक्रातही नाही. 1968 मध्ये लिंडझेन आणि होल्टन यांनी तो वर चढणाऱ्या तरंगांनी घडतो असे मांडले. 1978 मध्ये प्लम्ब आणि मॅकएवन यांनी खाऱ्या पाण्याने भरलेल्या गोल टाकीत तळ हेलकावून तसाच उलटसुलट फिरणारा प्रवाह निर्माण केला. त्या टाकीवर सूर्य नव्हता.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. तरंग 100 किलोमीटरच्या आसपास फुटून संपतात, तर 250-300 किलोमीटरवरच्या आयनांबरापर्यंत त्यांचा हात कसा पोचेल? बहुसंख्य तरंगांबाबत ही शंका रास्त आहे. पण ज्यांची उभी तरंगलांबी मोठी आणि वेग जास्त, ते वाऱ्याच्या गाळणीतूनही निसटतात आणि वरच्या हवेच्या श्यानतेलाही पुष्कळ उंचीपर्यंत दाद देत नाहीत. शिवाय जिथे तरंगांचा मोठा पुंजका फुटतो तिथे हवेला बसणारा अचानक रेटा स्वतःच नवे, दुय्यम तरंग निर्माण करतो आणि ते मूळ तरंगांपेक्षा लांब पल्ल्याचे असतात. आयनांबरातल्या फिरत्या लाटा रेडिओच्या नोंदींत 1940 च्या दशकापासून दिसत होत्या. त्या अंतर्गत गुरुत्व तरंगांच्या आहेत, हा विचार कॉलिन हाइन्स यांनी 1960 च्या प्रसिद्ध निबंधात पक्का मांडला. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंबाहून भारतातले पहिले रॉकेट गेले तेव्हा त्यात सोडियमची वाफ सोडण्याची सामग्री होती. वरच्या हवेत वारा कसा वाहतो हे त्या झळाळत्या वाफेवरून पाहायचे होते. देशाच्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला प्रश्न वाऱ्याचा होता, हे सूर्याकडेच बोट दाखवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

20 मे 2013 रोजी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मूर शहरावर चक्रीवात आदळला. त्या वादळाभोवतीच्या जीपीएस नोंदी जपानी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांत वादळाला केंद्र करून पसरणारी वर्तुळे तासन्‌तास चालू होती. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगाचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा वातावरणातली दाबलहर जगभरच्या बॅरोमीटरवर उमटली आणि आयनांबरातही वर्तुळे पसरली. त्याच सुमारास एक छोटे चुंबकीय वादळही चालू होते, ते पुढे करून कोणी या नोंदी बाजूला सारू पाहील. पण चुंबकीय वादळ ज्वालामुखीला केंद्र करून वर्तुळे काढत नाही.

महाराष्ट्रात हे पाहण्याची सोय कोल्हापुरात आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आहे आणि तिथला सर्वाकाश कॅमेरा वातावरणाच्या रात्रीच्या दीप्तीची छायाचित्रे वेगवेगळ्या रंगांत घेतो. 557.7 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सुमारे 97 किलोमीटरवरून येतो, 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सुमारे 250 किलोमीटरवरून. क्षितिजाच्या 15 अंश वरपर्यंतचे आकाश धरले तर 90 किलोमीटरच्या थरात कॅमेऱ्याची नजर 300 किलोमीटरपर्यंत जाते, लाल थरात 700 किलोमीटरच्याही पुढे. यवतमाळ कोल्हापूरपासून हवाई अंतराने 575 किलोमीटरवर आहे. म्हणजे यवतमाळच्या माथ्यावरचा लाल थर कोल्हापुरातून ईशान्य क्षितिजाच्या सुमारे 20 अंश वर येतो, तर खालचा थर तिथून दिसतच नाही. खालचा तरंग आणि वरचा परिणाम एकत्र पाहायचे तर विदर्भातच कॅमेरा हवा, आणि नागपूरला दररोज पहाटे व सायंकाळी साडेपाचला सोडल्या जाणाऱ्या बलूनच्या नोंदी त्याला जोडायला हव्यात.

सूर्य शांत असताना काय होते हा खरा कस आहे. जेफ्री फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये जगभरच्या आयनोसोंड (आयनांबर मोजणाऱ्या रेडिओ यंत्रांच्या) नोंदींतून केवळ चुंबकीयदृष्ट्या अतिशांत काळ निवडला. तरीही काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंतच्या फरकांत इलेक्ट्रॉनांची कमाल घनता सरासरीपासून 25 ते 35 टक्के हलत होती. जानेवारी 2009 मध्ये सौरचक्र तळाला होते. ध्रुवीय स्थितांबर अचानक तापले आणि त्यापाठोपाठ विषुववृत्तीय आयनांबराची दिनचर्याच बदलली. 2006 मध्ये इमेज या उपग्रहाच्या छायाचित्रांतून दिसले की विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे दाट इलेक्ट्रॉन पट्टे सगळीकडे सारखे नाहीत, पृथ्वीभोवती त्यांचे चार उंचवटे आहेत आणि त्यांतले तीन उष्णकटिबंधातल्या मोठ्या पर्जन्यप्रदेशांशी जुळतात. तो परिणाम मुख्यतः सौर भरतीच्या, म्हणजे दिवसाच्या लयीने चालणाऱ्या ग्रहव्यापी लहरींमार्फत होतो, गुरुत्व तरंगांमार्फत नव्हे. पण त्या लहरींनाही ढगांतली उष्णताच जोर देते. सूर्यप्रकाश सर्व रेखांशांवर सारखाच पडतो, ढग सारखे नसतात.

मात्र याच ठिकाणी उलट बाजूच्या अतिउत्साहालाही आवर घालणे भाग आहे. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर प्लाझ्माचे, म्हणजे आयनांबरातल्या विद्युतभारित वायूचे, विरळ बुडबुडे तयार होऊन वर चढतात आणि चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही गोलार्धांत पसरतात. भारतात चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जाते, यवतमाळ त्याच्या सुमारे 12 अंश उत्तरेला पडते. बलरेषेचे गणित केले तर बुडबुडा विषुववृत्तावर 600 किलोमीटरच्या आसपास चढला तरच त्याची झळ यवतमाळच्या आयनांबराला लागते. असे बुडबुडे मार्च-एप्रिलमध्ये जास्त दिसतात, आणि त्याच महिन्यांत विदर्भात अवकाळी पाऊस येतो. म्हणून अवकाळीनेच बुडबुडे घडवले असे म्हणायचा मोह होतो. तो टाळायला हवा. रोलंड त्सुनोदा यांनी 1985 मध्ये दाखवले की विषुवदिनांच्या सुमारास सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेखावृत्ताशी जुळते आणि त्यामुळेच हा हंगाम ठरतो. तरंगांचा वाटा बीज टाकण्याचा आहे, अस्थिर होऊ घातलेल्या प्लाझ्माला पहिला उंचवटा देण्याचा. हंगाम भूमितीने ठरतो. त्या हंगामात आज बुडबुडा उठतो आणि उद्या नाही, यात तरंगांचा हात शोधावा लागतो. आणि ते बीज यवतमाळच्या ढगाने नव्हे, तर बहुधा विषुववृत्ताजवळच्या ढगांनी टाकलेले असते. एवढी मर्यादा पाळूनच हा दावा करायला हवा, नाहीतर सूर्यवाद्यांची चूकच दुसऱ्या दिशेने केल्यासारखे होईल.

शेवटचा आक्षेप उपयोगाचा असतो: शेतकऱ्याच्या जिल्ह्यात 90 किलोमीटरवरच्या वाऱ्याशी कोणाला काय देणे-घेणे? देणे-घेणे आहे, आणि ते शेताच्या बांधावरच आहे. भूमी अभिलेख विभागाची मोजणी आता रोव्हरने होते. रोव्हर उपग्रहांचे संकेत घेतो आणि दूरच्या कायम केंद्राच्या नोंदींशी ताडून स्वतःचे स्थान सेंटिमीटरपर्यंत काढतो. आयनांबरातून जाताना संकेताला उशीर होतो. चौरस मीटरच्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन जास्त आले, तर जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर 16 सेंटिमीटरची चूक पडते. केंद्रावर आणि शेतावर हा उशीर सारखा असेल तर तो वजा होतो. मधून फिरती लाट जात असेल तर दोन ठिकाणी तो सारखा नसतो, आणि हद्दीच्या खुणेचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. मधल्या आकाराच्या अशा लाटांची तरंगलांबी 100 ते 300 किलोमीटर असते आणि त्या सौरवादळाच्या इशाऱ्यात कुठेच नसतात, कारण त्या सौरवादळाने आलेल्या नसतात. अवकाश-हवामानाचा इशारा फक्त सूर्याकडे पाहून देणारी यंत्रणा या लाटांपुरती आंधळी राहते.

हवामान प्रारूपांनाही हे तरंग टाळता येत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टिम मे 2025 मध्ये कार्यान्वित झाली. जाळी एवढी बारीक झाल्यावर तरंगांची अडचण मिटली असे काहींना वाटते. पण कोणतीही लाट नीट पकडायला जाळीच्या अंतराच्या सहा-आठ पट तरंगलांबी लागते, म्हणजे इथे साधारण 40 किलोमीटर. गडगडाटी ढगाभोवतीचे अनेक तरंग याहून आखूड असतात. त्यांचा संवेग कोठे आणि किती खर्च होतो हे प्रारूपात सूत्रांनी भरावे लागते, आणि ही सूत्रे ज्या प्रदेशाच्या मोजमापांवर बसवली त्या प्रदेशाइतकीच विश्वासार्ह असतात. ओक्लाहोमाच्या ढगावर बसवलेले सूत्र 17 किलोमीटरच्या तपस्तब्धीखालच्या आणि पूर्वेच्या झोताखालच्या ढगाला जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यासाठी विदर्भाच्या आकाशातले तरंग विदर्भातूनच, अवकाळीच्या आणि मॉन्सूनच्या दोन्ही हंगामांत, 16 किलोमीटरपासून 250 किलोमीटरपर्यंत एकाच वेळी मोजावे लागतील.